सावलीचं वय

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नागाव-चौलच्या वाड्यांतून आता एक नवी गोष्ट दिसते. जुन्या आंब्याखाली लॉन. पावसाळाभर ते पोपटी असतं. दिवाळी उलटली की खोडाभोवती टक्कल पडू लागतं. मग मातीची गाडी येते, गवत पुन्हा लावलं जातं, आणि तरीही ते धरलं नाही की कोणीतरी सुचवतं, फांद्या उतरवा. उघड्या उन्हातलं गवत आपणच अंधारात बसवायचं आणि त्यासाठी दोन पिढ्यांची फांदी तोडायची, हे पाहून पोटात तुटतं.

कारण सावलीत काय लावावं, याचं उत्तर कुंपणापलीकडच्या वाडीतच उभं असतं. वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी नाहीतर पानवेल, अधेमधे जायफळ, केळ, अननस, आणि पाटाच्या ओलीला अळू, सोनटक्का. मिरी सह्याद्रीच्या जंगलातली, जायफळ पार बांदा बेटांवरचं. पण दोघांनाही मोठ्या झाडांखाली राहायची सवय जन्मापासूनची. वाडीत त्यांना फक्त ओळखीची जागा मिळाली.

सावली मात्र सगळीकडे सारखी नसते. आंब्याची दाट, एका जागी बसलेली. नारळाची हलती, झावळ्यांतून कवडसे दिवसभर जमिनीवर फिरत राहतात. तिरीप आणि कवडसा हे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेने उगाच जपलेले नाहीत. बाजारातून रोप आणण्याआधी एक पूर्ण दिवस झाडाखाली बसावं आणि कुठे सकाळची तिरीप येते, कुठे नुसते कवडसे, ते पाहावं.

शिवाय सावलीला वय असतं. नारळ सात-आठ वर्षांचा होईपर्यंत खाली भरपूर ऊन येतं. पुढे साधारण पंचविशीपर्यंत तो जमीन झाकून टाकतो. नंतर शेंडा उंच जातो आणि उजेड पुन्हा खाली उतरतो. मसाल्याची झाडं लावायची ती तेव्हा. म्हणजे एकाच वाडीत बापाने केलेली निवड मुलाच्या काळात चुकीची ठरू शकते.

उजेडापेक्षाही अवघड वाटणी पाण्याची. आंब्याची पाणी शोषणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या थरातच असतात, म्हणून तिथे खोल खणू नये आणि खोडाशी मातीचा ढीगही रचू नये. पडलेला पाला तसाच राहू द्यावा. अशा जागी मला कंदांवर विश्वास वाटतो. हळद, आंबेहळद, सुरण. शेवळं तर इथल्या रानाचंच. पहिल्या पावसाच्या सुमारास आदिवासी बायका त्याच्या जुड्या बाजारात आणतात आणि घरोघरी ते काकडांबरोबर शिजतं. भुईचाफा उन्हाळ्यात पानाशिवाय, थेट मातीतून फुलतो. या सगळ्यांनी झाडाशी जागेबरोबर वेळही वाटून घेतली आहे. पावसात पाणी सगळ्यांनाच पुरतं, तेव्हा ते पानांनी पसरतात. कोरड्या दिवसांत झाड खालची ओल ओढू लागतं, तेव्हा ते जमिनीत निजलेले असतात. लॉनला ही नीज ठाऊक नाही. त्याला बारा महिने पाणी पाजावं लागतं.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ-सुपारी गेली ती मोजता आली. पण त्यांच्याबरोबर सावलीही गेली, आणि खाली उरलेली जायफळं, पानवेली एका दुपारीत उघड्यावर आल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव मोठं, पण तिचं रोप कोवळेपणी ऊन सोसत नाही. पश्चिमेच्या कडक उन्हाने वाढत्या झाडाचं खोडसुद्धा करपतं. त्यामुळे मोकळ्या जमिनीवर सुपारी नुसती लावून भागत नाही. आधी केळ लावायची. तिची पानं रुंदावली की त्यांच्या आडोशाला सुपारीचं रोप.