पाहणें आणि टिपणें

माझे एक स्नेही नोकरींतून निवृत्त झाले आणि नर्मदेची पायीं परिक्रमा करण्याचा आपला जुना संकल्प त्यांनीं सर्वांस सांगून टाकला. नदी नित्य उजव्या हातास ठेवावयाची, तिचें पात्र वाटेंत ओलांडावयाचें नाहीं, आणि चार-पांच महिने चालून निघाल्या ठिकाणीं परत यावयाचें. सामानाची यादी करतांना एक प्रश्न उभा राहिला व तो घेऊन पति-पत्नी एका सायंकाळीं माझ्याकडे आलीं. वाटेवर जें जें दिसेल त्याचा व्हिडिओ घेत जावा असा चिरंजीवांचा आग्रह होता. त्यासाठीं त्यांनीं लहानसा कॅमेराहि आणून दिला होता. "घेऊं कीं नको?" असें स्नेह्यांनीं विचारलें. प्रश्न सामानाचा म्हणून विचारला गेला. पण तो सामानाचा नाहीं, हें लवकरच आमच्या ध्यानांत आलें.

माझें पहिलें उत्तर नकाराचें होतें. यात्रा पाहण्यासाठीं असते. टिपून घेणारा मनुष्य पाहण्याचें काम यंत्रावर सोंपवितो व आपण मोकळा होतो. या समजुतीस थोडा आधारहि आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं २०१४ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. संग्रहालयांतील कांहीं वस्तु नुसत्या पाहावयाच्या व कांहींचीं छायाचित्रें घ्यावयाचीं असें विद्यार्थ्यांस सांगितलें होतें. पुढें त्यांची परीक्षा घेतली तों छायाचित्रें घेतलेल्या वस्तूच त्यांना कमी आठवत होत्या. मात्र तेथेंच आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. वस्तूचा एखादाच भाग निवडून, तो जवळ घेऊन छायाचित्र काढलें असतां आठवण उणावत नव्हती. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नाहीं. न निवडतां घेण्याचा आहे. शिवाय आक्षेप तरी नवा कोठें आहे? लेखनानें स्मरणशक्ति दुबळी होईल, असें प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटीस सांगतो. आणि तें त्याचें म्हणणें आपणांपर्यंत पोंचलें तें लेखनामुळेंच!

बोलतां बोलतां गोडसे भटजींची आठवण निघाली. वरसईचे हे विष्णुभट १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीचा पाडाव त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. ही हकीकत त्यांनीं लिहिली ती सुमारें पंचवीस वर्षांनीं, केवळ आठवणीवरून; आणि चिंतामणराव वैद्यांनीं ती प्रसिद्ध केली १९०७ सालीं. स्नेही म्हणाले, "इतकीं वर्षें मनांत मुरलें, म्हणून तें तसें कागदावर उतरलें." मीं म्हटलें, "खरें. परंतु त्या धुमाळींतून वांचलेल्या दुसऱ्या शेंकडों लोकांच्या मनांतहि तें मुरलेंच असेल. त्यांचें काय उरलें?" स्मृति निवडते, हा तिचा गुण, पण ती ज्याची त्याच्याबरोबर जाते, हा तिचा दोष.

नर्मदाकांठीं तर हा दोष फार महाग पडला आहे. नंदुरबार जिल्ह्यांतील मणिबेली येथें शूलपाणेश्वराचें जुनें देऊळ होतें. सरदार सरोवराच्या पाण्यानें तें गिळलें आणि देवाला नवें देऊळ शोधावें लागलें. मध्यप्रदेशांतील हरसूद २००४ सालीं इंदिरासागराखालीं गेलें. पूर्वींचे परिक्रमावासी ज्या वाटांनीं चालले, त्यांतील कित्येक वाटांवर आज मासे फिरतात. साठ वर्षांपूर्वीं तिकडून गेलेल्या एखाद्या यात्रिकानें हलतीं चित्रें घेऊन ठेविलीं असतीं, तर आज त्याला कोणी उथळ म्हटलें असतें काय? उठून गेलेल्या कुटुंबांच्या नातवंडांस त्यांत आपल्या आजोबांचें अंगण दिसलें असतें.

येथवर येईपर्यंत माझा नकार बराच सैल झाला होता. तेव्हां स्नेह्यांनींच तो दुसऱ्या बाजूनें घट्ट केला. "परिक्रमावासी सदावर्तावर आणि लोकांच्या भाकरीवर चालतो. ज्या झोंपडींतली माउली मला पीठ-मीठ देईल, तिच्यापुढें मीं हें यंत्र धरावयाचें?" या बोलण्यांत सगळ्या प्रश्नाचें मर्म होतें. ती बाई देते तें दारीं आलेल्या एका माणसास. तिची चूल, तिचें फाटकें लुगडें, तिच्या उघड्या पोराचें हंसें, हें कांहीं तिनें जगास दाखविण्यासाठीं दिलेलें नसतें. तिला विचारून घ्यावें म्हटलें, तर दारच्या परिक्रमावासीयास नाहीं म्हणणें तिला जड जातें. म्हणून तिचा होकारहि पुरता होकार नव्हे. शूलपाणीच्या झाडींत यात्रिकांस लुटीत, अशा कथा परंपरेनें चालत आल्या आहेत, आणि मैया शेवटची चिंधीहि सोडावयास लावते असा त्यांचा अर्थ यात्रिकांनीं गोड करून घेतला. आज मात्र कॅमेरा घेऊन निघालेला यात्रिकच त्या कांठावरच्या माणसांचें बरेंच कांहीं लुटून नेऊं शकतो, आणि त्यास कथेंत चोर म्हणून कोणी ओळखणारहि नाहीं.

इतका वेळ वहिनी गप्प होत्या. परिक्रमेचा संकल्प मूळचा दोघांचा; पण गुडघ्यांनीं त्यांना घरीं बसविलें होतें. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, मला जगाला कांहीं दाखवायचें नाहीं. मला नदी पाहायची आहे."

यावर आम्हां दोघांसहि बोलण्यासारखें उरलें नाहीं. पाहणें श्रेष्ठ कीं टिपणें, असा वाद आम्ही घालीत होतों; आणि जिच्या वांट्याला पाहणेंच येणार नव्हतें, ती समोर बसली होती. माझ्या मतें या प्रश्नास एकच एक उत्तर नाहीं. त्याचे दोन प्रश्न मात्र करतां येतात. हें मी कोणासाठीं घेत आहें? आणि ज्याचें घेत आहें, त्याचें यांत कांहीं जातें काय? आपण तेथें होतों याचा पुरावा म्हणून घेतलेलें चित्रण पहिल्या प्रश्नाला टिकत नाहीं. माउलीच्या चुलीचें चित्रण दुसऱ्या प्रश्नाला टिकत नाहीं. नदी मात्र दोहोंतूनहि पार पडते.

स्नेही कार्तिकांत निघाले. कॅमेरा घरींच राहिला. खिशांत फोन होता. मुक्कामीं पोंचल्यावर अर्धें मिनिट नदी, एक शब्दहि न बोलतां. तें वहिनींस धाडावयाचें, आणि फोन बंद. एके दिवशीं कांहींच आलें नाहीं. वहिनींनीं काळजीनें फोन केला, तेव्हां ते म्हणाले, "आज ज्यांच्या ओसरीवर उतरलों आहें, त्यांचें घर घेववलें नाहीं. आल्यावर सांगेन."

आतां ते परत आले आहेत. नदीचीं तीं शेंकडों अर्धीं मिनिटें वहिनी पुन्हां पुन्हां पाहतात. पण परवां मी गेलों तेव्हां फोन बाजूस पडला होता, आणि त्या विचारीत होत्या, "त्या ओसरीचें पुन्हां एकदां सांगा."