शेऱ्याचा रकाना

आमच्या विद्यार्थी वसतिगृहाची देणगीवही पंधरा वर्षं मी लिहिली. बँकेतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दोन तास. पगार नाही, चहा मिळतो. नाव, पत्ता, रक्कम, पावती क्रमांक आणि शेवटी शेरा. शेऱ्यात मी काहीही लिहायचो: ‘गुडघे दुखतात, जिना चढायला लावू नये.’ ‘लेक बाळंत, पेढे आणले.’

2022 मध्ये सॉफ्टवेअर आलं. मी कुरकुरलो नाही. दर वर्षी 31 मेच्या आत देणगीदारांचं दहा-बीडी विवरण आयकर खात्याकडे भरायचं, मग प्रत्येकाला प्रमाणपत्र पाठवायचं. हे हातानं करण्यात डोळे गेले असते.

आमच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. यजमानांच्या तिथीला, भाद्रपद वद्य पंचमीला, 501 रुपये आणून देतात. 2023 च्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला.

“भाऊ, तुमचा मेसेज आलाय. मागच्या वर्षी आजच्या दिवशी देणगी दिलीत, यंदाही द्या म्हणून. अहो, यंदा अधिक श्रावण होता. पंचमी अजून लांब आहे.”

“बाई, ते यंत्रानं आपोआप…”

“यंत्राला कुणीतरी सांगितलंच असेल ना? मी विसरेन असं वाटलं का तुम्हाला?”

तिथी एरवी दर वर्षी अकराएक दिवस आधी येते आणि अधिक मास पडला की पुढे जाते, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी मला बोचला तो त्यांचा शेवटचा प्रश्न.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलंय ते परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं. देणाऱ्यानं देऊन विसरावं, घेणाऱ्यानं जन्मभर लक्षात ठेवावं, अशी ती वाटणी मी समजत आलो. आम्ही ती उलटी केली. बाईंना त्यांच्याच दानाची आठवण करून दिली, आणि ते कुणासाठी असतं हे आम्ही विसरलो. पूर्वी माधुकरीला दारात उभा राहणारा विद्यार्थी तारखा सांगत नव्हता. कोणत्या घरी आज आजारपण आहे, हे मात्र त्याला माहीत असायचं.

गुप्तदान करावं म्हटलं तर तेही सोपं नाही. 2006 च्या वित्त कायद्यानं निनावी देणग्यांवर 30 टक्के कर बसवला; ठरावीक मर्यादेपर्यंतची सूट नंतर आली. निव्वळ धार्मिक संस्थांना तेवढं वगळलं. देवाच्या हुंडीत नाव न सांगता कितीही टाका, पोरांच्या ताटात मात्र नाव सांगून वाढा. हा न्याय मला अजून पटलेला नाही.

सॉफ्टवेअरवाल्या मुलाला म्हटलं, शेऱ्याचा रकाना करून दे. तो हसला. “काका, पहिल्यापासून आहे. नोट्स म्हणून. तुम्ही कधी उघडलाच नाही.”

बाईंच्या नावापुढे आता तिथं लिहिलंय: ‘भाद्रपद वद्य पंचमी, यजमानांसाठी. मेसेज पाठवू नये. पावती घरी नेऊन द्यावी.’