घरचा कर्ता



मराठीत कुटुंबप्रमुखाला ‘घरचा कर्ता’ म्हणतात. जो करतो तो कर्ता. केवळ हुकूम सोडणाऱ्याला किंवा रात्री घरी येऊन जाब विचारणाऱ्याला आपल्या भाषेने हा शब्द बहाल केलेला नाही. पवित्र कुरआनात सूरह निसाच्या ३४व्या आयतीत पुरुषासाठी ‘कव्वाम’ हा शब्द आला आहे. त्याचे मूळ ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूत आहे. कुटुंबासाठी सतत उभा असणारा, त्याचा भार वाहणारा, हा त्याचा आशय. म्हणूनच त्याच आयतीत खर्चाची जबाबदारीही सांगितली आहे. आपल्यापैकी अनेकांनी मात्र या आयतीतून अधिकार तेवढा उचलला आणि उभे राहण्याचे काम घरातील स्त्रियांवर सोडून दिले.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील प्रसिद्ध हदीसनुसार आपल्यातील प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाणार आहे. पुरुषाला कुटुंबाविषयी आणि स्त्रीलाही तिच्या घराविषयी विचारले जाईल. कळप चुकल्यावर ओरडणारा राखणदार नव्हे; चुकण्याआधी पुढे चालणारा राखणदार.

पुढे चालणे म्हणजे काय, हे हुदैबियाच्या प्रसंगात दिसते. हिजरी सन ६ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे चौदाशे सहाबांसह उमऱ्यासाठी निघाले, पण मक्केच्या वेशीवरूनच परत फिरण्याचा करार झाला. सहाबा दुःखाने सुन्न झाले होते. कुर्बानी करून मुंडन करा, असे प्रेषितांनी (स.) तीनदा सांगितले, तरी कोणी उठेना. ते तंबूत हजरत उम्मे सलमा (र.) यांच्याकडे गेले. त्यांनी सल्ला दिला की, आपण कोणाशी काही न बोलता बाहेर जावे, स्वतःची कुर्बानी करावी आणि स्वतःचे मुंडन करून घ्यावे. प्रेषितांनी (स.) तसेच केले आणि पाहता पाहता सारे सहाबा उठले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आज्ञेने जे घडले नाही, ते कृतीने घडले. आणि ती वाट पत्नीच्या सल्ल्याने खुली झाली, तो सल्ला ऐकल्याने अल्लाहच्या प्रेषितांच्या (स.) नेतृत्वाला किंचितही कमीपणा आला नाही. मग आपल्या घरी पत्नीने काही सुचवले की आपला आवाज का चढतो?

कोणी म्हणेल, कमाई असेल तोवर पुरुषाचे चालते, नंतर कोण विचारतो? याचे उत्तर आपल्याच शहरात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. लालबाग-परळच्या चाळींत त्या काळी कित्येक घरे बायकांच्या कष्टावर तगली. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची संघटना तर प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्येच, अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने, उभी केली होती. पगार थांबला म्हणून कर्तेपण थांबत नाही. बेकार माणूसही पहाटे पहिला उठू शकतो, पाणी भरू शकतो, मुलाचा अभ्यास घेऊ शकतो. हजरत आयशा (र.) सांगतात की, प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. घरकामाने पुरुषाची प्रतिष्ठा जाते, हे आपण कुठून शिकलो?

आता स्वतःच्या घराकडे पाहू या. पहिली गोष्ट नमाजची. सूरह ताहाच्या १३२व्या आयतीत घरच्यांना नमाजचा आदेश देण्यास सांगताना स्वतः त्यावर दृढ राहण्यासही बजावले आहे. बाप फजरला अंथरुणात आणि मुलाला मात्र दटावणी, याने मूल नमाज शिकत नाही, दांभिकपणा शिकते. दुसरी गोष्ट मुलांची. मुलांना अरबी शिकवायला हाफिजसाहेब येतात, शाळेच्या सभेला आई जाते. मग बापाचे काम काय उरले? हजरत लुकमान यांनी पुत्राला केलेला उपदेश कुरआनने जतन केला आहे, आणि तो बापाने स्वतः केला होता. मोबाईल बाजूला ठेवून रोज अर्धा तास तरी मुलांजवळ बसा.

तिसरी गोष्ट बहिणीच्या हिश्श्याची, आणि तीच सर्वांत जड जाते. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळण्याची योजना आहे. इतर जुन्या इमारतींचाही पुनर्विकास चालू आहे. अशा वेळी लग्न होऊन गेलेल्या बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती माहेर तुटेल या भीतीने सही करते आणि आपण म्हणतो, तिने खुशीने दिले. सूरह निसाच्या ७व्या आयतीने वारशात, तो थोडा असो वा फार, स्त्रीचा हिस्सा ठरवून दिला आहे. खोली भाड्याची आहे की मालकीची, गावच्या जमिनीत कोणाचे किती, हे वकिलाला आणि आलिमांना विचारून घ्या. पण बहिणीने मागण्याची वाट पाहू नका. तिच्या दारी जाऊन, ‘ताई, यात तुझे इतके आहे,’ हे आधी सांगणारा भाऊ, तोच घरचा कर्ता.

ज्या घरांत बाप हयात नाही, तेथे हा भार वाहणाऱ्या माता-भगिनींचा मोबदला अल्लाहपाशी सुरक्षित आहे.

हे अल्लाह, आम्हाला आमच्या घरात आधी करणारे आणि मग सांगणारे बनव. आमच्या हातून कोणाचा हक्क बुडू देऊ नकोस. आमीन.