अभ्यास की दंड?

एकच क्रिया पुनःपुन्हा करण्यास आपल्या परंपरेत मोठा मान आहे. वेदपाठी बालक पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनी एकच मंत्र कितीतरी वेळा आवर्तित करतो. नामस्मरण करणारा भक्त एकच नाम जन्मभर घेतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात, मन आवरणे वारा आवरण्याइतके कठीण आहे असे अर्जुन म्हणतो, तेव्हा भगवंत जे दोन उपाय सांगतात त्यांतील पहिला अभ्यासच होय. म्हणून ‘पुन्हा कर’ हे शब्द शिकविणाऱ्याच्या मुखातून आले की ते हिताचेच असणार, असे आपण सहज धरून चालतो. परंतु आपल्या भाषेतच एक इशारा दडलेला आहे. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे. सहा वेदांगांपैकी एकाचे ते नाव आहे. मराठीत मात्र त्याच शब्दाला दंड हा अर्थ चिकटला. शिकणे कोठे संपते व दंड कोठे सुरू होतो, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

तो सर्वांत स्पष्ट दिसतो मुलामुलींच्या स्पर्धात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये. मुलींना ज्या तुळईवर कसरत करावी लागते ती 10 सेंटिमीटर रुंद, 5 मीटर लांब आणि जमिनीपासून 1.25 मीटर उंच असते. तीवर कोलांटी घेताना लहानसा दोष झाला तर गुणाचा दहावा भाग जातो. खाली पडल्यास पूर्ण एक गुण जातो. असे कौशल्य आवर्तनावाचून कोणासही साधणार नाही. 1976 साली मॉन्ट्रियल येथे पूर्ण दहा गुण मिळविणारी रुमानियाची नादिया कोमानेची अवघी 14 वर्षांची होती. 1997 पासून मुलींना वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी 16 वर्षांची अट लागू झाली; तथापि ती अट स्पर्धेची आहे, सरावाची नाही. सराव बहुधा सहाव्या-सातव्या वर्षीच सुरू होतो. म्हणजे ज्या वयात ‘नको’ म्हणण्याचे धैर्य नसते, त्याच वयात ‘पुन्हा कर’ हे शब्द दिवसातून शेकडो वेळा कानी पडतात.

सरावाची एक रीत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. तुळईवरील रचना लागोपाठ ठराविक वेळा, समजा दहा वेळा, न पडता करून दाखवावयाची. मध्येच पडल्यास मोजणी पुन्हा शून्यापासून. दुसरी रीत अशी की, चूक झाली म्हणून दोरावर चढावयास, जोर काढावयास किंवा फेऱ्या मारावयास लावावयाचे. दोहोंना ‘सुधारणा’ असेच नाव दिले जाते. नऊ वेळा नीट करून दहाव्या वेळी पडलेल्या मुलीचा आपण विचार करू. ती पडली याचे कारण बहुधा थकवा किंवा भय. उपाय काय सांगितला? आणखी दहा वेळा. जिला विश्रांतीची सर्वाधिक गरज, तिलाच सर्वाधिक श्रम. आणि जी मुळात भ्यालेली, तिला आणखी भय. शरीर शुद्ध-अशुद्ध निवडीत बसत नाही, जे वारंवार करावे ते त्याच्या अंगवळणी पडते. थकलेल्या पायांनी केलेल्या वीस आवर्तनांत चूकही वीस वेळा घोटली जाते. शिवाय वाढत्या वयात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा कोमल भाग असतो. हातांवर शरीराचा भार पुनःपुन्हा पडल्याने त्यास इजा होते, हे वैद्यांना चांगले ठाऊक आहे.

याहूनही खोल हानी मनाची आहे. एखाद्या खोडकर मुलास ‘शिक्षा म्हणून पाचशे वेळा रामनाम घे’ असे आपण कधी सांगत नाही. का बरे? नाम दंडाचे साधन झाले तर त्याची गोडी त्याच्यापुरती कायमची आटेल, हे आपणांस उमजते. व्यायामाविषयी मात्र हे भान सुटते. ज्या क्रियेवर मुलीने प्रेम करावे अशी इच्छा, तीच क्रिया तिला दंड म्हणून दिली जाते.

यावर अनुभवी प्रशिक्षक म्हणतील, ‘स्पर्धेत संधी एकदाच मिळते. दडपणाखाली तोल सांभाळता यावा म्हणूनच ही कठोरता. तपावाचून सिद्धी नाही.’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. दडपणाचा सराव दडपणाखालीच होईल. परंतु तपाचे नाव घेतले की कोणते तप, हेही विचारावे लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार केले आहेत. श्रद्धेने व फलाची अपेक्षा न ठेवता केलेले ते सात्त्विक. मान व सत्कार यांसाठी केलेले ते राजस. आणि मूढ हट्टाने स्वतःस पिळून किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले ते तामस. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तपस्वी आपल्या देहास कष्टवितो तेव्हा संकल्पही त्याचाच असतो. व्यायामशाळेत देह बालकाचा आणि संकल्प दुसऱ्याचा असे घडू शकते. पदकाची आसक्ती प्रशिक्षकास, संस्थेस, कित्येकदा माता-पित्यांस. तिचे मोल मात्र मुलीच्या मनगटाने व घोट्याने द्यावयाचे. दुसऱ्याच्या देहावर लादलेल्या कष्टास तप हा शब्द लागू होत नाही.

हे भय काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये 2008 ते 2020 या काळातील जिम्नॅस्टिक्सविषयीच्या तक्रारींची चौकशी ॲन व्हाइट यांनी केली. 2022 च्या जून महिन्यात त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. चौकशीकडे 400 हून अधिक व्यक्तींनी आपले म्हणणे पाठविले होते. शारीरिक शिक्षा, दुखापत असतानाही करवून घेतलेला सराव, अन्न, पाणी व शौचास जाण्याची परवानगी नाकारणे, अशा गोष्टी त्यातून पुढे आल्या. त्याही पूर्वीचे उदाहरण सोव्हिएत संघातील येलेना मुखिना हिचे. 1978 ची ही जगज्जेती पुढच्या वर्षी पाय मोडल्यावर पुरती बरी होण्याआधीच सरावास लागली. एक विशिष्ट उडी आपणांस धोक्याची आहे असे तिने सांगितले होते. जुलै 1980 मध्ये, मॉस्को ऑलिंपिक तोंडावर आले असता, तीच उडी घेताना ती हनुवटीवर आदळली व मानेखालचे सारे शरीर लुळे पडले. वयाच्या विसाव्या वर्षी अंथरुणास खिळलेली ही मुलगी 2006 साली वारली. तिचा सराव कोणी दंड म्हणून लावला नव्हता. परंतु शिकणाऱ्याचा शब्द जेथे ऐकला जात नाही तेथे अभ्यास व दंड यांच्यामधील भिंत किती पातळ असते, हे तिच्या कथेवरून दिसते.

मग भेद ओळखावा कसा? माझ्या मते एक साधी कसोटी पुरे आहे: हे आवर्तन कशाने थांबणार? आकडा भरला म्हणून थांबणार असेल, तर तो दंड होय. दोष कळला, तो सुधारला, किंवा आज देह थकला म्हणून थांबणार असेल, तर तो अभ्यास होय. खरा शिक्षक ‘पुन्हा कर’ म्हणण्यापूर्वी काय चुकले ते सांगतो. दोनदा सांगून जमले नाही तर तुळई खाली आणतो, क्रिया तोडून तिचे भाग करतो, स्वतःची सांगण्याची रीत बदलतो. विद्यार्थी तेच व शिक्षकही तेच करीत राहिला, तर शिकत दोघेही नाहीत. आपल्या देशातील दीपा कर्माकर हिने 2016 साली रिओ येथे प्रोदुनोवा ही अत्यंत अवघड उडी घेऊन चौथा क्रमांक मिळविला. कांस्यपदक केवळ 0.150 गुणांनी हुकले. अशी उडी वर्षानुवर्षांच्या आवर्तनावाचून शक्य नाही. तेव्हा आवर्तन टाकून द्यावे असे कोणीच म्हणणार नाही. ते कोणत्या भावनेने लावले जाते, एवढाच प्रश्न आहे.

गृहस्थाश्रमी वाचकांनी हा विषय व्यायामशाळेपुरता समजू नये. चुकलेला शब्द शंभरदा लिहून घेणारी आई आणि चुकलेले गणित झोपेच्या वेळी दहादा सोडवून घेणारा पिता हेही याच तुळईवर उभे आहेत. मूल शिकावयास जाते तेथे जाऊन पाहावे. पडल्यावर त्यास काय सांगितले जाते ते ऐकावे. ‘आज पुरे’ म्हणण्याची मुभा त्यास आहे की नाही, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सारे ज्ञान सांगून झाल्यावर, भगवंत अर्जुनास याचा पूर्ण विचार करून मग तुला वाटेल तसे कर असे म्हणतात. समोर रणांगण होते व वेळ थोडा होता, तरीही शिष्याची इच्छा त्यांनी हिरावून घेतली नाही. दहा वर्षांच्या मुलीस सारा निर्णय सोपविता येणार नाही हे खरे. परंतु ‘दुखते आहे’ हा तिचा शब्द खरा मानून त्या दिवसाचा सराव थांबविणे प्रत्येक शिक्षकास व प्रत्येक माता-पित्यास आजच शक्य आहे.