कामाच्या जागी टिपलेला माणूस

व्यावसायिक माणसाचे त्याच्या कामाच्या जागी काढलेले छायाचित्र हा वरवर पाहता साधा प्रकार वाटतो, कारण त्यात माणूस, त्याचे अवजार आणि त्याची जागा या तीनच गोष्टी असतात. परंतु महाराष्ट्रात या तिन्ही गोष्टी एका चौकटीत आल्या की चौथी एक गोष्ट न बोलावता येऊन उभी राहते, आणि ती म्हणजे जात. हातात वस्तरा असलेला माणूस, भात्याजवळ बसलेला माणूस, चामडे कापणारा माणूस यांच्याकडे पाहणारा मराठी डोळा आधी त्यांच्या जन्माचा अंदाज बांधतो आणि मग, वेळ उरला तर, त्यांच्या कसबाकडे वळतो. कामकरी माणसाचे छायाचित्र काढू पाहणाऱ्याला भिंग आणि प्रकाश यांच्या आधी या सवयीचा विचार करावा लागतो.

ही सवय बलुतेदारीने लावली आणि कॅमेऱ्याने ती पक्की केली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात गावकीची जी मांडणी दिसते, तिच्यात काम हे वंशपरंपरेने ठरलेले आणि मोबदला धान्याच्या रूपाने बांधलेला होता. इंग्रजी अमदानीत मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्याशी जोडले गेले, त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी स्वतः कॅमेरा हाती घेतला; पण त्याच शहरात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६०च्या दशकात मुंबईतील जातीजमातींचे जे दोन खंड काढले, त्यांत माणसे एकीकडे टिपून त्यांच्या आकृती दुसऱ्याच एखाद्या दृश्यावर जोडलेल्या आढळतात. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने प्रसिद्ध केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांतही माणूस हा नमुना म्हणूनच उभा आहे. अवजार तिथे ओळखचिठ्ठीचे काम करते, आणि त्या अवजाराने तो माणूस नेमके काय करू शकतो, हे पाहण्याची कोणाला गरज वाटलेली नाही.

हीच गोष्ट एका गावापुरती पाहू. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हे गाव १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी हैदराबादचे महाल, मेजवान्या आणि लष्करी कवायती ज्या देखणेपणाने टिपल्या, तो देखणेपणा राज्याच्या टोकाला राबणाऱ्या सुताराच्या किंवा कोष्ट्याच्या वाट्याला येणे अवघडच होते. आजही अशा गावात माणसाचा फोटो निघतो तो ठरावीक प्रसंगी: आधार कार्डासाठी, लग्नात, चौकातल्या फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी, आणि शेवटी हार घालण्यासाठी. या चारही प्रसंगी माणूस कामापासून वेगळा काढलेला असतो. ज्या हातांनी त्याने चाळीस वर्षे संसार ओढला, ते हात चौकटीबाहेर राहतात, ही खरोखर मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढण्याजोगी आहे.

युरोपात हा प्रयत्न ऑगस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराने केला. त्याच्या १९२९ सालच्या पुस्तकात ६० व्यक्तिचित्रे होती, ज्यांचे छपाईचे ठसे नाझी राजवटीने १९३६ साली नष्ट केले. पण झांडरच्या चित्रांखाली बहुधा नावाऐवजी व्यवसाय लिहिलेला असतो. जर्मनीत ‘मिठाई करणारा’ एवढे लिहिणे हा समाजाचा आडवा छेद घेण्याचा मार्ग ठरतो, तर मराठवाड्यात ‘लोहार’ एवढेच लिहिले तर तो जातीचा दाखला ठरतो. उलट अमेरिकी छायाचित्रकार अर्व्हिंग पेन याने १९५० आणि १९५१ साली पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील कामकऱ्यांना त्यांच्या अवजारांसह स्टुडिओत बोलावून साध्या पडद्यापुढे उभे केले. त्या पडद्याने सर्वांना सारखा मान मिळाला, हे मान्य करायला हवे. मात्र जागा गेली की जागेत साठलेले ज्ञानही जाते, आणि कामाच्या जागेचा आग्रह धरण्याचे कारण तेवढेच आहे.

हे ज्ञान कुठे साठलेले असते, ते हळदीच्या शिजवणीत स्पष्ट दिसते. हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाली. काढणीनंतर हळद मोठ्या कढईत किंवा वाफेच्या कुकरमध्ये शिजवतात, उन्हात वाळवतात आणि फिरत्या ड्रममध्ये घासून तिला चकाकी आणतात. यातला निर्णायक टप्पा शिजवणीचा, कारण हळद कच्ची राहिली तर वाळल्यावर आत एकसारखी होत नाही आणि जास्त शिजली तर रंग उतरतो, म्हणजे बाजारात भाव पडतो. शिजली की नाही हे घड्याळावर ठरत नाही. कढईवर फेस येतो, पांढरी वाफ सुटते, तिचा वास बदलतो, आणि मग शिजवणारा एक कंद उचलून बोटांत दाबून पाहतो किंवा त्यात बोथट काडी खुपसतो. काडी सहज गेली की विस्तव ओढला जातो. वाफेत झुकलेला चेहरा, अंगठ्याखाली दबलेला कंद आणि भट्टीजवळ हुकमाची वाट पाहणारा दुसरा माणूस, हे सारे एका चौकटीत आले तर पाहणाऱ्याला कळते की इथे निर्णय घेतला जात आहे. तोच माणूस काम थांबवून, फावडे हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहत उभा केला, तर तो पुन्हा जॉन्सनच्या खंडातला नमुना होतो.

हा क्षण टिपण्यासाठी तंत्राची तयारी लागते. वाफेमुळे चित्र धुरकट होते. शिवाय सगळीकडे पिवळेच पिवळे असल्यामुळे कॅमेऱ्यातील स्वयंचलित श्वेतसंतुलन, म्हणजे प्रकाशातील रंगाची झाक काढून पांढरा पांढराच दिसावा यासाठीची योजना, त्या पिवळ्याला दोष समजून निळसर करू पाहते. म्हणून ते संतुलन हाताने ठरवणे इष्ट. पत्र्याच्या शेडमध्ये दारातून येणारा उजेड प्रखर आणि आतला कोपरा काळोखा असतो, तेव्हा माणसाला दाराच्या बाजूला घेऊन आतला भाग अंधुक राहू द्यावा, की झगझगीत दिवा लावून सगळे उजळावे, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. झगझगीत दिव्याने ती जागा ती राहत नाही, आणि काम करणारा ज्या उजेडात रोज डोळे ताणतो तो उजेडच खोटा ठरतो. भिंगाच्या बाबतीत ३५ मिलिमीटरच्या आसपासचे नाभीय अंतर सोयीचे, कारण त्यात माणूस व भोवताल दोन्ही मावतात. त्याहून फार रुंद भिंग कडेच्या माणसाचे हातपाय ताणून विद्रूप करते. छिद्र, म्हणजे प्रकाश आत घेणारे भिंगातील तोंड, बरेच लहान ठेवले की मागची भिंत, खुंट्या, वजनकाटा हेही रेखीव येतात. मागचे सारे पुसट करून चेहरा उठावदार करण्याची जी आवड आज मोबाइलने घरोघर पोहोचवली आहे, ती या प्रकारात घातकच म्हणावी लागेल.

व्यवसाय हातकामाचाच असावा असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेचे छायाचित्र बहुधा बाळाला सुई टोचतानाचे निघते, पण तिच्या जबाबदारीचा मोठा भाग त्याआधीचा असतो: लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्यात म्हणून शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा पाहून नोंदवणे, वीज गेली की झाकण न उघडता वेळ मोजणे. नोंदवहीवर टेकलेली पेन्सिल आणि तापमापकावर रोखलेली नजर यांत तिचा व्यवसाय अधिक पूर्णपणे दिसतो. रुग्णाचा चेहराही त्यामुळे चौकटीत येत नाही, आणि तो त्याच्या संमतीवाचून येताच कामा नये.

ज्या कामात अवजारापेक्षा अपमान जास्त दिसतो, तिथे कसोटी कठीण होते. मूळचे अकोल्याचे आणि मुंबईत घडलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल चित्रे दीर्घकाळ काढली, त्यांत गटारात उतरलेला उघडा देह आहे आणि त्याच माणसाचे घर व कुटुंबही आहे. कसब दाखवावे की हे काम माणसाकडून करवून घेणे हाच अन्याय आहे हे दाखवावे, यांपैकी एकच निवडण्याचे त्यांनी टाळले, आणि म्हणून ती चित्रे दयेची भीक मागत नाहीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून ग्रामीण स्त्रियांच्या कामाची जी छायाचित्रे घेतली, त्यांतही वाकलेल्या पाठी पुन्हा पुन्हा दिसतात. लावणी, खुरपणी, वेचणी यांत स्त्रीचा चेहरा जमिनीकडेच असल्यामुळे उभ्या माणसाच्या उंचीवरून तो टिपताच येत नाही. हळद काढणीतही माती झटकून कंद निवडणाऱ्या बायका बसलेल्या असतात. छायाचित्रकार मातीत बसला नाही, तर त्याला त्यांचे पदरच दिसणार.

चित्राखालच्या ओळीचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, पण त्याला सर्वांत शेवटचे महत्त्व देता येत नाही. ‘हळद शिजवणारा, गोरेगाव’ ही ओळ अपुरी आहे; काम कोणाकडून शिकले, किती हंगाम केले, चित्रातला टप्पा कोणता, हे लिहिले तर कसब जन्माने आले नसून शिकून आले, ही बाब वाचकाला आपोआप कळते. नाव तर हवेच. अडचण आडनावाची आहे, कारण मराठी मुलखात आडनाव छापले की अवजाराने सुरू केलेला जातीचा अंदाज पुरा होतो. कोणी आपले आडनाव ठसठशीत छापा म्हणेल, कारण ते लपवण्याचा काळ त्याने मागे टाकलेला असतो. कोणी आपले आणि वडिलांचे नाव पुरे म्हणेल. एकाच घरातले दोन भाऊ दोन उत्तरे देतील. छायाचित्रकाराने हे आधी विचारावे, छापलेली ओळ वाचून दाखवावी, आणि दोघा भावांची चित्रे शेजारी शेजारी लावायची झाली तरी त्यांची उत्तरे जशी आली तशीच छापावीत.