वाचायची परवानगी

सांगलीच्या गावभागात एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळी आळी त्यांना अण्णा म्हणते. नोकरीत असतानाच ते मोडी शिकले आणि निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतले जुने कागद वाचून द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कुणाच्या ट्रंकेत पणजोबांचं वतनपत्र, कुणाकडे वाटणीचा कागद, कुणाकडे देवस्थानच्या जमिनीचा जमाखर्च. अण्णा कागद वाचायचे, देवनागरीत उतरवून द्यायचे, स्कॅन करून ठेवायचे आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत करायचे. पैसे घेत नसत.

कागद हाताळायचे त्यांचे नियम मात्र कडक होते. हात धुऊन कोरडे करायचे. टेबलावर पाणी नाही, चहा नाही. आणि कागदाजवळ शाईचं पेन अजिबात नाही. टिपणं काढायची ती शिसपेन्सिलीने. कुणी पेन घेऊन वाकलं, की अण्णा काही न बोलता त्याचा हात बाजूला करत. मग तो घरचा असो, पाहुणा असो, नाहीतर खुद्द कागदाचा मालक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजले बुडाले, गावोगावच्या ट्रंका पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोक अण्णांकडे येऊ लागले. काहींचे कागद आधीच स्कॅन झाले होते. अण्णांचा कॉम्प्युटर माडीवर असल्यामुळे ते स्कॅन वाचले. काहींनी भिजून, वाळून विटेसारखी घट्ट झालेली दप्तरंच उचलून आणली. अण्णा महिनोन्महिने ती पानं एकेक करून सोडवत बसले. पान सुटायचं, स्कॅनरवर यायचं, आणि पुष्कळदा तिथंच त्याचे तुकडे व्हायचे. अशा पानांचा स्कॅन हाच आता मूळ कागद होता.

घरात सगळ्यांना हे कागद सहज बघता यावेत, ही अण्णांची हौस. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या एका मुलाने त्यांना तशी सोय करून दिली. माडीवरच्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर शेअर केलं, यादीतून ‘एव्हरीवन’ निवडलं, पुढे ‘रीड-राइट’ केलं आणि रोज विचारल्या जाणाऱ्या पासवर्डची कटकट नको म्हणून ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून टाकलं. मधे कुठला सर्व्हर नाही, इंटरनेटही लागत नाही. घरातलं एक मशीन दुसऱ्या मशीनशी थेट बोलतं. सोय खरोखरच उत्तम होती.

पुण्यात अण्णांचे एक मोडीतले स्नेही आहेत. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर सिंकथिंग हा प्रोग्राम घातला होता. अण्णांनी नवा स्कॅन ठेवला, की तो आपोआप पुण्याला पोचायचा. तोही थेट, एका मशीनवरून दुसऱ्यावर. त्यामुळे ‘दुसरी प्रत पुण्यात आहे’ असं अण्णा निर्धास्तपणे सांगत.

सूनबाई एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला. तिने हे फोल्डर पाहिलं आणि म्हणाली, “अण्णा, वाचायला सगळ्यांना देऊ. पण लिहायची परवानगी फक्त तुमची ठेवू या.”

अण्णांना ते लागलं. “घरच्या माणसांना कुलूप लावायचं? आपल्याकडे ती पद्धत नाही.”

“माणसांना नाही अण्णा, मशीनना.”

पण अण्णांना तो फरक पटला नाही आणि सासऱ्यांशी वाद कशाला घालायचा म्हणून तीही गप्प बसली. मात्र दिवाळीच्या बोनसमधून तिने एक हार्ड डिस्क आणली, सगळे स्कॅन त्यावर उतरवले, वायर काढली आणि डिस्क कपाटात ठेवून दिली.

पुढच्या गणपतीला अण्णांचा भाचा आला. इंजिनिअरिंगला शिकणारा, गुणी मुलगा. आल्या दिवसापासून मामांच्या मदतीला बसला. स्कॅनना नावं देणं, तिरकी पानं सरळ करणं, हे काम आपल्याच लॅपटॉपवर करता यावं म्हणून त्याने अण्णांचं फोल्डर तिथे ड्राइव्हसारखं जोडून घेतलं. पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

रात्री त्याला मंडळाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ जुळवायचा होता. त्यासाठीचं महागडं सॉफ्टवेअर त्याने टॉरेंटवरून उतरवलं. सोबत कुलूप तोडणारी ‘क्रॅक’ फाइल होती आणि एक सूचनापत्र. त्यात लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला.

टॉरेंट हे तंत्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटॉरेंट आणलं, आणि आजही लिनक्ससारखी फुकट व कायदेशीर सॉफ्टवेअरं त्या वाटेने रोज जगभर जातात. फाइलचे तुकडे अनोळखी लोकांकडून येतात खरे, पण प्रत्येक तुकडा गणिताने ताडून बघितला जातो. घोळ होतो तो या ताडून बघण्याचा अर्थ लावताना. फाइल मुळात ज्याने ठेवली, त्याने ठेवली तशीच ती आपल्यापर्यंत आली, एवढंच ते गणित सांगतं. ठेवणाऱ्याची नियत ते सांगत नाही. विष कालवून ठेवलं असेल, तर विषाचा प्रत्येक तुकडा तपासून, अचूक, आपल्या घरात येतो.

सकाळी आरतीनंतर अण्णा माडीवर गेले. फोल्डर उघडलं. सगळ्या फाइलींचे छोटे फोटो जाऊन पांढरे चौकोन आले होते. ‘वतनपत्र_०४’ या नावापुढे कधी न पाहिलेली अक्षरांची शेपटी लागली होती. खालच्या फाइलला तीच, त्याखालच्याही. एकही उघडेना. शेवटी इंग्रजीतली एक चिठ्ठी होती, फाइली परत हव्या असतील तर पैसे भरा म्हणून. अण्णांनी रिसायकल बिन उघडून पाहिलं. रिकामं. नेटवर्कवरून पुसलेली फाइल त्या टोपलीत येतच नाही. अँटिव्हायरसवर मात्र हिरवी खूण होती, सगळं ठीक असल्याची.

आणि ती खूण खोटी नव्हती. अण्णांच्या कॉम्प्युटरवर व्हायरस आलाच नव्हता. तो भाच्याच्या लॅपटॉपवर होता. तिथे बसून त्याने जोडलेला ड्राइव्ह पाहिला, लिहायची परवानगी आहे असं दिसलं, आणि माडीवरची एकेक फाइल उचलून, कुलूपबंद करून परत ठेवली. माडीवरच्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने, ज्याला परवानगी आहे असा घरचाच कुणीतरी रात्रभर काम करत होता.

अण्णांनी थरथरत्या हाताने पुण्याला फोन लावला. स्नेह्यांनी फोल्डर उघडलं. तिथेही तीच शेपटी. सिंकथिंगने आपलं काम चोख केलं होतं. सांगलीत जे बदललं ते पुण्यात बदललं, इथलं पुसलं गेलं ते तिथलंही पुसलं. जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय त्या प्रोग्राममध्ये आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. ती कुणी केली नव्हती.

सूनबाईने आधी भाच्याचा लॅपटॉप वाय-फायवरून तोडला, मग बाकीची मशीनं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांच्या साथीने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’वर अशा काही व्हायरसांच्या किल्ल्या फुकट मिळतात. तिथे तिने शोध घेतला. या कुलपाची किल्ली तिथे नव्हती. पैसे भरायचे नाहीत, हे अण्णांनीच ठरवलं. चोराने दिलेला शब्द धरून बसण्यात अर्थ नव्हता.

मग तिने कपाटातली डिस्क काढली. व्हायरस गेल्याची खात्री पटेपर्यंत ती कशालाच जोडली नाही. दिवाळीपर्यंतचं सगळं तिच्यावर सुखरूप होतं. दिवाळीनंतरचं मात्र गेलं होतं.

त्यात कृष्णाकाठच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाईंचं दप्तर होतं. विटेसारखं घट्ट झालेलं, अण्णांनी पान पान करून सोडवलेलं. निम्मं त्यांनी पेन्सिलीने वहीत उतरवून ठेवलं होतं, तेवढं राहिलं. उरलेली पानं आता ना कागदावर होती ना कॉम्प्युटरवर.

अण्णा स्वतः सांगायला गेले. आजींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “गुर्जी, तुमच्याकडं ठिवलं म्हंजी ऱ्हायलं, असं धरून चाललो हुतो आम्ही.”

घरी आल्यावर भाचा समोर यायला तयार होईना. अण्णांनी त्याला जवळ बसवलं. “तू मदतीलाच बसला होतास. पासवर्ड नको असं मीच म्हणालो होतो,” ते म्हणाले. मग सूनबाईकडे वळले. “माझ्या टेबलावर मी याला पेन धरू दिलं नसतं. त्याला वाईटही वाटलं नसतं. आणि फोल्डरमध्ये मात्र मी येईल त्याच्या हातात पेन दिलं. तू म्हणत होतीस ते कसं करायचं, दाखव.”

तिने दाखवलं. पासवर्ड परत चालू केला. यादीतून ‘एव्हरीवन’ काढून घरच्या प्रत्येकाचं वेगळं खातं केलं, सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी. अण्णांचं रोजचं खातंही साधंच ठेवलं, नवा प्रोग्राम घालायचे अधिकार वेगळ्या खात्यात. पाहुण्यांसाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क उघडलं. तिथून इंटरनेट मिळतं, माडीवरचा कॉम्प्युटर दिसत नाही. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, आणि कुठल्याही प्रोग्रामला बाहेरून आत यायची वाट परस्पर उघडून देणारं यूपीएनपी बंद केलं.

विंडोजचे थकलेले अपडेट तिने त्याच दिवशी घातले आणि फाइल शेअरिंगची जुनी एसएमबी-१ पद्धत बंद असल्याची खात्री केली. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय त्याच पद्धतीतल्या भोकातून दीडशेहून जास्त देशांत पसरला होता, एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर, कुणी काही क्लिक न करता. ते भोक बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो घातला नाही, त्यांच्याकडे हाहाकार झाला.

पुण्याची व्यवस्था मोडली नाही. ती चांगलीच होती. अण्णांकडून फक्त पाठवायचं, पुण्याने फक्त घ्यायचं असं तिने ठरवून दिलं आणि पुण्यात जुन्या आवृत्त्या राखणं चालू केलं. शिवाय दोन डिस्क आलटून पालटून भरायच्या, त्यातली एक मिरजेला नणंदेच्या घरी ठेवायची. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हाच. प्रती तीन, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

पुढच्या वर्षी गणपतीला भाचा आला, तेव्हा अण्णांनीच त्याला गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड लिहून दिला आणि माडीवर आपल्या शेजारी खुर्ची मांडून दिली. कागद बघायचे ते इथे बसून, हवे तेवढे. मुलाला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

तुमच्याही घरी एखादं फोल्डर सगळ्यांना खुलं असेल. लग्नाचे फोटो असतील, आईच्या आवाजातल्या ओव्या असतील, जमिनीचे कागद असतील. आज त्या फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधलं शेअरिंग उघडा आणि तिथे ‘एव्हरीवन’ला काय काय करता येतं ते एकदा बघा. आणि वायर काढून कपाटात ठेवलेली एक प्रत नसेल, तर या रविवारी ती करा.