जीव मातीतून आला, तर देवाचे काय?



कॉलेजात जाणारी आपली मुले विचारतात : निर्जीव द्रव्यातून जीव आपोआप घडला असे पुस्तकात आहे, मग देवाने काय केले? प्रश्न प्रामाणिक आहे. मुलांना दटावून गप्प करणे आम्हाला पटत नाही.

पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची. जीवांच्या खुणा साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. आपल्या जव्हार-मोखाड्याचा काळा कातळ लाव्हारसाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे त्या मानाने कालचाच! आरंभी दीर्घ काळ केवळ सूक्ष्मजीव होते. त्यांतल्या नीलहरित शेवाळाने सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेत प्राणवायू भरला. त्याचेच वंशज आजही भातखाचरांत हवेतला नत्र धरून रोपांना पुरवतात.

१९५३ साली अमेरिकेत स्टॅन्ली मिलर यांनी पाण्याची वाफ व काही वायू यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या, तेव्हा प्रथिनांचे घटक तयार झाले. जिवंत पेशी मात्र निर्जीवातून अजून कुणाला घडवता आलेली नाही. ‘तेच तर देवाचे काम!’ असे काही भाविक घाईने म्हणतात. हे आम्हाला धोक्याचे वाटते. विज्ञानाला न सुटलेल्या कोड्यात देव बसवला, तर कोडे सुटताच त्याला जागा उरणार नाही.

तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस कुजलेल्या द्रव्यातून किडे उपजतात असे मानत. तेव्हा सगळेच मानत. झाकलेल्या मांसात अळ्या होत नाहीत, हे रेडी या इटालियन वैद्याने १६६८ साली दाखवले. म्हणजे निर्जीवातून जीव येणे ही संतांच्या लेखी रोजची गोष्ट होती, आणि तिने त्यांची श्रद्धा तसूभरही ढळली नव्हती. द्रव्याला ती शक्ती देणारा देवच, असे ते समजत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही प्राणी उपजवण्याची आज्ञा देव भूमीलाच करतो.

नागलीची लावणी आपण करतो, पाऊस पडतो, कणसे भरतात, आणि आपण म्हणतो, देवाने पिकवले. तेव्हा चिखलात कोण वाकले होते हे कुणी विसरलेले नसते.

मनुष्याच्या आत्म्याची गोष्ट वेगळी. शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास ख्रिस्तसभेची मनाई नाही, आत्मा मात्र थेट देव निर्माण करतो, असे बारावे पोप पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात सांगितले. त्याविषयी पुढच्या रविवारी.